वजन उतरलं तेव्हाची भीती

सन पंचावन्न. दसरा नुकताच झाला होता आणि मी एकोणीस वर्षांचा होतो. पडावातून मुंबईच्या बोटीकडे जाताना मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि ठरवलं ते केलं. आई शेवटपर्यंत बंदरावर उभी होती, हे मला मागाहून दुसऱ्यांनी सांगितलं. तिला जे बोलायचं होतं ते तिने घरातून निघतानाच बोलून घेतलं होतं. "परक्याच्या पंगतीक हावऱ्यासारखो जेवू नको हां. लोक तुका नाय, माका नावां ठेवतले." बस्स, एवढंच. जपून राहा, खुशाली कळव, असलं काही नाही.

आज हे लिहायला बसलो त्याला कारण माझी नात. तिचं ऑफिस लोअर परळला. जिथे आमच्या गिरणीचे साचे धडधडायचे तिथेच कुठेतरी, काचेच्या इमारतीत वरच्या मजल्यावर. सकाळी उठली की ती आधी वजनाच्या काट्यावर उभी राहते. परवा हसत हसत बाहेर आली, "आजोबा, दोन किलो उतरले." तिच्या आईने तिला टाळी दिली. मी मात्र तिचं मनगट चाचपून बघितलं. ती पथ्य सांगणारी बाई लावून, फी भरून, मोड आलेले मूग आणि काकड्या खाऊन जे कमावते आहे, ते मला एकेकाळी फुकट मिळालं होतं. त्या भीतीने मी अर्धा झालो होतो. तिला सांगायला गेलो तर म्हणाली, आजोबा, लिहून काढा. माझं शिक्षण मराठी तिसरी. पण लिहितो. गावच्यांनी वाचावं, आणि माझ्यासारखे जे बोटीत बसले त्यांच्या नातवंडांनीही वाचावं.

लालबागला आमच्या गावच्या मंडळींची एक खोली होती. दिवसपाळीचे झोपायला येत तेव्हा रातपाळीचे कामावर जात, म्हणून ती खोली सगळ्यांना पुरे. प्रत्येकाला भिंतीला एक खुंटी, खुंटीखाली ट्रंक आणि चटईपुरती जागा. कारभार दाजींकडे. दाजी आमच्याच वाडीतले, गिरणीत जुने. त्यांनी मला खिडकीखालची जागा दिली. एवढी वाऱ्याची जागा नव्या माणसाला कशी मिळाली म्हणून मी खूश. चटईसुद्धा अंथरलेलीच होती.

ती सख्याची होती, हे मला दिवाळीनंतर कळलं. सख्या माझ्याच वयाचा. मी यायच्या महिनाभर आधी त्याला गावी पाठवलं होतं. आधी तो सुकला, मग खोकला लागला. दाजींनी वर्गणी काढून त्याला बोटीत बसवला आणि सांगितलं, आईच्या हातचं खा, बरा होशील. दिवाळीनंतर गावाहून माणूस आला, त्याने सख्या गेल्याचं सांगितलं. सगळ्यांनी एकदा त्या खिडकीखाली बघितलं. तिथे मी बसलो होतो.

खोलीचा नियमच होता तो. ज्याला क्षय लागला त्याने गाव गाठायचं. यात दुष्टपणा नव्हता. नाकाला नाक लावून झोपणारी माणसं, एकाचा श्वास दुसऱ्याच्या उशीवर. पण गावाला गेलेला परत आला, असं मी एकही उदाहरण ऐकलं नव्हतं. आणि माझी बदलीची नोकरी. रोज सकाळी गिरणीच्या दरवाज्यात उभं राहायचं, मुकादम अंगापिंडाकडे बघून आत घेणार. गेलो असतो तर नोकरी गेली होती आणि जीवही गेलाच, असं मी धरून चाललो होतो.

त्याच आठवड्यात माझ्या लेंग्याची नाडी लांब झाली. आधी पुढे दोन टोकं यायची, आता पार मांडीपर्यंत लोंबायला लागली. मी ती कापून टाकली. पुढच्या महिन्यात पुन्हा लांब.

जेवायला मी चाळीच्या तळमजल्यावरच्या खाणावळीत जायचो. ती चालवायची पारूमावशी. घाटावरची, विधवा, आवाजाला करडी. दोन पंगती उठायच्या, एकेकीला चाळीसच्या आसपास माणसं. भाकऱ्यांची टोपली कमरेवर घेऊन ती रांगेने यायची, प्रत्येकाच्या ताटात दीड भाकरी आणि कालवण. मग दुसऱ्यांदा यायची. मी ताटावर हात आडवा धरून म्हणायचो, पुरे. ती पुढे जायची. माझ्या शेजाऱ्याच्या ताटात भाकरी पडल्याचा आवाज यायचा आणि मी हात धुवायला उठायचो.

आता तुम्ही म्हणाल, मग कळत नव्हतं का? नव्हतं कळत. मी भाकरीला दोष देत होतो. आमचं अंग उकड्या तांदळाचं आणि माशाचं, ज्वारी आमच्या रक्ताला मानवत नाही, असं मी एकट्यानेच ठरवून टाकलं. एकदा ठरवलं की मी कोणाचं ऐकत नसे. अजूनही ऐकत नाही. मधल्या वेळी पोटात कालवाकालव झाली की इराण्याकडे जाऊन चहा प्यायचो. चहाने भूक मरते, ते मला फार सोयीचं वाटायचं.

मग भीतीने मी खरेद्या सुरू केल्या. हिंदमाताच्या फुटपाथवर एक जण ताकदीचं औषध विकायचा, बाटलीवर दंड फुगवलेला पैलवान. ती बाटली घेतली, ट्रंकेत कपड्यांखाली लपवली. कच्ची अंडी घेतली, इराण्याच्या ग्लासात फोडून नाक दाबून प्यायलो, गल्लीत जाऊन ओकलो. जाड कापडाचा एक सदरा घेतला, मुद्दाम एक माप लहान. अंगाला घट्ट बसला की माणूस भरलेला दिसतो. त्याच्या आत दोन गंजिफ्रॉक. थंडी सुरू झाली होती म्हणून कोणी विचारलं नाही.

परळच्या नाक्यावर एक कोळशाची वखार होती. गोणी मोजायचा मोठा काटा रस्त्याच्या कडेलाच असे. वखारवाला हौशी माणूस, कोणालाही उभं करायचा. दांडीवरचं वजन तो बोटाने डावीकडे सरकवायचा आणि म्हणायचा, अजून खाली, भाऊ, अजून खाली. त्याला गंमत वाटायची. मला त्या दांडीवर माझं आयुष्य सरकताना दिसायचं. तरी मी दर रविवारी जायचो. न जाऊन करतो काय?

एका रविवारी जेवणानंतर कोणीतरी विडा दिला. खाल्ला, विसरलो. मोरीवर तोंड धुताना ठसका लागला आणि थुंकीत लाल दिसलं. भिंतीला धरून बसलो, सख्याचं तोंड मी कधी बघितलं नव्हतं तरी समोर दिसायला लागलं. मग जिभेवर कात लागला आणि आठवलं. हसू यायला हवं होतं. आलं नाही.

दाजींना कळायचं ते कळलंच. मोरीवर अंघोळ करताना त्यांनी माझ्या बरगड्या बघितल्या. संध्याकाळी बाजूला घेऊन म्हणाले, "गणू, येत्या रविवारची बोट धर. आवशीच्या हातचा खा, बरो होशील." मी म्हटलं, मला खोकला नाही. ते म्हणाले, सख्यालाही आधी नव्हता. माझ्या तोंडाकडे बघायची त्यांनाही हिंमत होत नव्हती.

तो आठवडा पौषातला, आणि तो आठवडा मुंबईतल्या कोणीच विसरणार नाही. मुंबईसह महाराष्ट्र झालाच पाहिजे म्हणून गिरण्या बंद, रस्त्यावर माणसंच माणसं, मग लाठ्या, मग धूर, मग गोळ्या. दुपारी मी नाक्यावर काय चाललंय ते बघायला उतरलो होतो. एकदम पळापळ झाली. डोळ्यांतून पाणी, समोर काही दिसेना, कोणाची तरी चप्पल माझ्या पायात अडकली. कोणीतरी मानेला धरून मला आत ओढलं आणि फळ्या लावल्या. पारूमावशी होती ती.

खाणावळीत दुसरं कोणी नव्हतं. संध्याकाळच्या पंगतीचा स्वयंपाक तिने लवकर उरकून ठेवला होता, टोपली भरून भाकऱ्या, पातेलंभर पिठलं. आता कोण येणार जेवायला? बाहेर आवाज होत होते. गोळीचा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. फळीच्या फटीतून उजेडाची पट्टी आत पडली होती, ती आमच्या अंगावर पडू नये म्हणून आम्ही दोघं कोपऱ्यात सरकलो.

मावशीला रिकामं बसवेना म्हणून तिने माझ्यापुढे ताट ठेवलं आणि वाढलं. मी खाल्लं. बाहेर आवाज झाला की ती दचकायची आणि टोपलीतली भाकरी माझ्या ताटात टाकायची. मीही दचकायचो आणि तुकडा मोडायचो. कोण कोणाला काय देतंय, कोणी किती घेतलं, दोघांचंही लक्ष फटीकडे. ताटावर हात आडवा धरायचं त्या भीतीत माझ्याकडून राहूनच गेलं.

बराच वेळ आवाज आला नाही. तेव्हा तिने टोपलीत बघितलं. मग माझ्याकडे.

"आरं, एवढ्या भाकरी कुटं घातल्यास?"

मला लाज वाटली. ताट पुढे सारलं.

"रोज तर दीड भाकरीत पुरं म्हंतोस," ती म्हणाली. "मला वाटलं, कोकणातलं पोरगं, चिमणीवानी खातंय."

मग मी ते सांगितलं, जे सांगायची वेळ येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. आमच्यात पहिल्यांदा पुरे म्हणायचं असतं. वाढणारी पुन्हा विचारते, आपण पुन्हा पुरे म्हणायचं. तिसऱ्यांदा तिने आग्रह केला की मग घ्यायचं. आईने असंच शिकवलंय. मी रोज वाट बघतो, तुम्ही तिसऱ्यांदा येतच नाही.

मावशी भिंतीला टेकून खालीच बसली. तोंडाला पदर लावला. हसते आहे की रडते आहे ते मला कळेना.

"चाळीस माणसं जेवत्यात रं," ती म्हणाली. "मी कुणाकुणाला तीनदा इचारू?"

सूर्य कलला तशी गल्ली शांत झाली. दाजी मला शोधत खाली आले, चेहरा पांढरा. मी कुठे पडलो की काय, असं त्यांना वाटलं होतं. फळी काढल्याबरोबर मावशी त्यांच्यावर धावली. "ह्याला क्षय न्हाई, भूक हाय. माज्या खाणावळीत पोरगं उपाशी मेलं आसतं अन् तुमी त्याला बोटीत घालाया निगालाव." दाजींनी रिकामी टोपली बघितली, मला बघितलं. त्यांचा पटकन विश्वास बसला नाही, आणि खरं सांगतो, माझाही नाही. भीती एवढ्या सहजी जात नसते. शिमग्यापर्यंत बघूया, एवढंच ते म्हणाले. रविवारची बोट माझ्यावाचून गेली. शिमग्याला वखारवाल्याने दांडीवरचं वजन उजवीकडे सरकवलं तेव्हा कुठे मला रात्रभर झोप लागली.

आईला हे मी कधी सांगितलं नाही. तिची शिकवण चुकीची होती असं मी आजही म्हणणार नाही. तिच्या ओटीवरच्या पंगतीत ती बरोबरच होती.

लोक विचारतात, तुमचं घर कुठलं, गावचं की इथलं. गावी गेलो की पुतण्याच्या सुना मला पाटावर बसवतात. सोलकढी तीन-तीनदा वाढतात, घ्या हो आजोबा, काय झालं, एवढंच? मला बरं वाटतं. पण तो पाहुण्याचा मान आहे, एवढं मला कळतं. इथे लालबागला मला कोणी विचारत नाही. चाळ पडली, टॉवर आला, आम्ही बाविसाव्या मजल्यावर गेलो, तरी मी माझा उठतो, डबा उघडतो आणि हवी तेवढी पोळी घेतो. नात आपली एक पोळी मोजून खाते, दुसरीकडे बघतही नाही. मी तिला एकदा म्हणतो, घे गं. दुसऱ्यांदा म्हणतो. तिसऱ्यांदाही म्हणतो. ती वैतागते. वैतागू दे.

त्या गोळीबाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दूधभाजी घ्यायला म्हणून थोडा वेळ कर्फ्यू उठला. माणसं भिंतीच्या कडेकडेने चालत होती. खाणावळीतले जुने मेंबर आपापलं ताट मावशीकडे ठेवत, मी नवा म्हणून तिच्याच ताटलीत जेवत होतो. मी दूध घेतलं नाही. अर्धी फळी उघडी ठेवलेल्या भांडीवाल्याकडे वाकून आत गेलो आणि त्याच्याकडचं सगळ्यात मोठं पितळी ताट काढायला लावलं. नाव घालायला त्याने छिन्नी आणि हातोडी घेतली. टक् टक् सुरू झालं तसा रस्त्यावरचा एक माणूस दचकून पळाला, आणि मीही फळीमागे सरकलो. भांडीवाल्याने नाव घातलं, मग मान वर करून विचारलं, गाव कुठलं घालू?

मी म्हटलं, लालबाग घाल.