गुडघाभर समुद्र

कोल्हापूरच्या स्टेशनावर गाडी सुटायला दहा मिनिटं होती आणि तिकडं ज्वारी मिळते का, असं आई मला खिडकीतून तिसऱ्यांदा विचारत होती. आबा तिच्या मागं उभे होते. बोटांना अजून खळ चिकटलेली. शिवाजी पेठेत आमचं पुस्तकबांधणीचं लहानसं दुकान होतं, आणि लेक अमेरिकेला निघाली त्या सकाळीसुद्धा कुणाच्या तरी वह्यांना पुठ्ठे चढवूनच ते आले होते. गाडी हलली तशी आई चार पावलं पळाली. आबा जागचे हलले नाहीत. मोठ्यानं एवढंच म्हणाले, "शालन, पाणी बघून पाय टाक गं." फलाटावरचे दोघं-तिघं हसले. पण आबांचं सगळं शहाणपण नदीतूनच आलेलं होतं. त्यांच्याजवळ मला द्यायला दुसरं काही नव्हतं.

त्यांचं मूळ गाव गारगोटीच्या अलीकडं, वेदगंगेच्या काठी. पेठेत येऊन तीस वर्षं झाली तरी दर रविवारी ते गळ घेऊन पंचगंगेवर जायचे. लहानपणी मीही बरोबर असे. एका हातात गांडुळांचा डबा, दुसऱ्या हातात दुकानातल्या कुठल्यातरी पुस्तकाची न बांधलेली सुटी पानं. घाटावर बसलं की आबा मधेच काठी माझ्या हातात देत. बारा वर्षांची झाले तेव्हा आई म्हणाली, "आता बास. पोरीच्या जातीला नदी कशाला?" त्यानंतर घाटावर आबा एकटेच.

आबा जाऊन पाच महिने झाले. जे गावातच राहिले त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारखे जे लांब जाऊन बसले त्यांच्यासाठीही, मी हे लिहिते आहे. एक पान लिहायला मला आठवडा लागतो.

माझ्या नवऱ्याची नोकरी फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहान गावात होती. साठचं दशक संपत आलं होतं. गावात आमच्याखेरीज मराठी बोलणारं कुणी नव्हतं. मला तिथल्या ग्रंथालयात काम मिळालं, पुस्तकं जागच्या जागी लावण्याचं, आणि मी गप्प असते हे त्या कामात कुणाला खटकलं नाही.

समुद्र मी त्याआधी एकदाच पाहिला होता, शाळेच्या सहलीत रत्नागिरीला. तो अंगावर येणारा समुद्र होता. हा आवाजच करत नव्हता. किनाऱ्यावरून आत चालत जावं, अर्धा मैल जावं, तरी पाणी गुडघ्याच्या वर येत नाही. आणि तळाला गवत. माझी मावशी चंदगडकडं दिलेली होती; तिथं लावणी झाल्यावर भाताची खाचरं दिसतात तशी हिरवी पाती पाण्यात उभी, मैलच्या मैल, आणि भरती येताना सगळी मिळून एका बाजूला कलणारी. वाकून पाहिलं तर घोड्याच्या तोंडाचा बोटभर मासा एका पात्याला शेपटी गुंडाळून उभा होता. शेजारी एक शिंपला होता आणि त्याच्या कडेला निळ्या डोळ्यांची रांग. शिंपल्याला डोळे! माझी सावली पडताच तो मिटला. म्हणजे त्यानं मला पाहिलं होतं.

शेजारी हॅरल्ड नावाचा म्हातारा होता, आयुष्यभर बोटींची इंजिनं दुरुस्त केलेला. त्यानं मला त्या गवतातला मासा धरायला शिकवलं. ट्राउट म्हणतात त्याला; चंदेरी अंग, पाठीवर काळे ठिपके, तोंड आतून पिवळंधमक. गळाला कोळंबी लावायची, वर एक बूच बांधायचं आणि काठीला मधूनमधून झटका द्यायचा. बूच पाण्यावर 'बुडुक' वाजतं, आणि वर कुणीतरी जेवायला बसलं आहे असं समजून मासा येतो. ओढायचं मात्र हलक्या हातानं, कारण त्याचं तोंड कागदासारखं नाजूक. चालताना पाय उचलायचा नाही, तळ घासत पुढं सरकायचं. वाळूत काटेरी शेपटीचा पाकट लपलेला असतो, त्यावर पाय पडला तर माणूस लोळण घेतो. बारा वर्षांची असताना सुटलेली काठी अशी पुन्हा हातात आली. आईला हे मी कधी कळवलं नाही.

आई गेली तेव्हा मी तिथं नव्हते. त्याआधी माझी दोन मुलं पोटातच गेली होती, आणि तिसऱ्या वेळी सातवा महिना चालू होता. त्या उन्हाळ्यात आम्ही घर बदललं. नवा पत्ता कोल्हापूरला कळवायला मी महिना लावला. आज लिहू, उद्या लिहू. मुलगी झाली, आणि ती तीन आठवड्यांची असताना आबांचं पत्र आलं. कोपरा फाडलेला. हात लावण्याआधीच मला समजलं. आत लिहिलं होतं, "मागील पत्रात कळविल्याप्रमाणे तुझ्या मातोश्रींचे दिवसकार्य यथासांग पार पडले."

मागील पत्र मला मिळालं नव्हतं. ते जुन्या पत्त्यावर गेलं असणार. मी तान्ह्या मुलीला घेऊन जुन्या घरी गेले, नव्या भाडेकरणीला विचारलं. मग पोस्टात गेले. खिडकीतल्या माणसाला सांगितलं, कोपरा फाटलेलं एक पत्र भारतातून यायचं आहे. त्यानं हळहळून मला फाटलेल्या टपालाच्या तक्रारीचा फॉर्म दिला. आमच्याकडं मरणाच्या पत्राचा कोपरा लिहिणाराच फाडतो, हे त्याला कसं सांगावं मला सुचेना. मी तो फॉर्म भरला. पुढची चार वर्षं एकच गोष्ट मला आतून खात राहिली. आईच्या आजारपणाचं पत्रही तसंच हरवलं असणार; मी पत्ता वेळेवर कळवला असता तर आईला जाताना कळलं असतं की लेकीला कळलं आहे.

आबांनी त्याबद्दल कधी विचारलं नाही. तेच मला जास्त लागत होतं. मुलगी चार वर्षांची झाल्यावर मी त्यांना दोन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. ते आले, नातीला मांडीवर घेऊन बसले, माझ्या सगळ्या फाटक्या पुस्तकांना नवे पुठ्ठे चढवले. आईचं नाव निघालं नाही. बाप मला दोष देतो का, एवढंच मला ऐकायचं होतं, आणि ते विचारायचं धाडस होत नव्हतं.

जायला आठवडा उरला असताना एका पहाटे मी त्यांना गवतावर नेलं. हॅरल्डनं त्यांच्यासाठी जुने कॅनव्हासचे बूट आणले होते. आबांनी पाण्याच्या कडेला वहाणा काढून ठेवल्या आणि धोतर खोचलं. बूट पाहून ते मागं सरले.

"पाण्यात पायताण घालून? ह्येला सांग, आमी आईच्या अंगावर पायताण घेऊन चढत न्हाय."

पाकटाचा काटा कसा लागतो हे हॅरल्डनं स्वतःच्या पोटरीवरचा व्रण दाखवून सांगितलं. आबांनी तो वाकून नीट पाहिला. मग समुद्राचं पाणी ओंजळीत घेऊन कपाळाला लावलं. "माफी कर बाई. म्हातारा हाय, भ्यालोय," असं पाण्याला सांगून त्यांनी बूट चढवले. ते काय म्हणाले हे मी हॅरल्डला सांगितलं तेव्हा त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

आम्ही तिघं घासत घासत आत गेलो. किनारा मागं रेघेएवढा झाला. ऊन वर आलं तसं पाणी काचेसारखं झालं आणि खालचं सगळं उजळलं. आबा मधेच थांबून मागं वळून पाहत होते.

"शालन, समुद्र हाच व्हय?"

"हाच."

"आन बुडत कसं न्हाय गं आपुन?"

त्यांचं बूच पहिल्यांदा बुडालं तेव्हा त्यांनी हिसका न देता मनगटानं मासा फिरवत आणला. कुणी शिकवलं नव्हतं. हातभर मासा. त्यांनी तो दोन्ही हातांत धरून वर उचलला, आणि मासा बोलला. घशातून, बेडकाहून जड, लाकूड घासल्यासारखा आवाज. एकदा, मग पुन्हा. या माशाचा नर पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून असा आवाज करतो, हे मी ग्रंथालयात वाचलं होतं. पण ते मी सांगितलं नाही. आबांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

"बोलतोय की गं ह्यो!" ते कुजबुजले. "साठ वर्सं मासं धरलं. येकबी बोलला न्हवता."

त्यांनी गळ जपून काढला, मासा पाण्यात धरला आणि हात उघडले. हॅरल्ड "नो, नो!" म्हणत पुढं आला. "त्येला सांग, बोलणाऱ्याला तव्यावर कसं टाकायचं?" आबा म्हणाले. हॅरल्ड हसत, मान हलवत लांब गेला.

आम्ही दोघंच उभे राहिलो. माझ्या तोंडून निघून गेलं, "आबा, चुकलं माझं. पत्ता मी उशिरा कळवला."

"कसला पत्ता?"

"घर बदललेला. तुमचं पहिलं पत्र जुन्या घरी गेलं. आईचं."

भरती चढत होती, गवत आमच्या पायांशी एका बाजूला कलत होतं. मग आबा पाण्याकडं बघत म्हणाले, "मागलं पत्र न्हवतंच, शालन."

मी काठी खाली केली.

"तुज्या आईनं अंथरुणावरनं रोज इचारलं, पोरीला तार केली का. मी म्हणायचो, केली. तिला बी खोटं सांगिटलं, तुला बी. दोन पोरं गेलती तुजी. तिसरं जाऊ नये म्हणून… पोर झाल्याचं कळलं, तवा कोपरा फाडला. मागलं पत्र म्हणून लिवलं, कारण खरं लिवायला हात चालंना."

"ती वाट बघत होती?"

"शेवटपातूर."

मला राग आला. तो आवरून धरण्यातच किनाऱ्यापर्यंतची परतीची सगळी वाट गेली, पाय घासत. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. आणि त्याच दोन दिवसांत, भांडी घासताना, चार वर्षांत पहिल्यांदा माझ्या छातीवरचं ओझं हललं. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्यापुढं ताट ठेवलं आणि म्हणाले, "आबा, इथून पुढं मला खोटं लिहायचं नाही."

"न्हाय लिवणार," ते म्हणाले. "तू बी लिवू नगंस."

त्यानंतरची त्यांची पत्रं निराळीच झाली. मायना गेला, 'सर्व क्षेम' गेलं. बोलायचे तसंच लिहायचे: दात पडला, दुकानात घसरलो, आज तुझ्या आईची लई आठवण झाली. मीही नोकरीतला अपमान लिहिला, मुलगी मराठीत उत्तर देत नाही ते लिहिलं. आणि या वर्षी त्यांचं पत्र आलं, "छातीत पाणी झालंय म्हणत्यात. यायचं आसंल तर आत्ता ये."

मी गेले. अकरा दिवस उशाशी होते. पेठेतली माणसं भेटायला येत, आणि आबा धाप लागली तरी प्रत्येकाला तेच सांगत. तालमीतले बापू म्हणाले, "समुद्र गुडघ्याएवढा, आन मासा बोलतोय? आबा, अमेरिकेला गेलतास का जत्रंला?"

"हिला इचार की!"

मी सांगितलं, खरं आहे. बापू माझ्याकडं बघत राहिले. बाराव्या दिवशी दुपारी आबा गेले. मला तार करायची कुणाला गरज पडली नाही.

परतल्यावर लोक विचारतात, घरी जाऊन आलात? घर कोणतं, याचं उत्तर पूर्वी मला अडखळत द्यावं लागे. पेठेतली खोली आता रिकामी आहे, आणि तिकडचं वाईट मला कळवणारं कुणी उरलं नाही. गेल्या आठवड्यात स्वयंपाकघरात मी रडत होते. मुलगी दारात आली. कांदा चिरतेय, असं सांगता आलं असतं. कांदा समोरच होता. मी तिला सगळं सांगितलं, आजीची न केलेली तार, मागलं पत्र, सगळं. ती मराठीत म्हणाली, "तुला राग आला आबांचा?"

"आला होता."

"अजून आहे?"

"कधीकधी."

तिनं खुर्ची ओढली आणि माझ्याजवळ बसली. कांदा तिनंच चिरला.