गोल पायाला सपाट कापड

अन्याय झाला तो माझ्या काकांवर. सत्त्याण्णव साली, होळीच्या आदल्या सकाळी, पेणच्या खाडीकडल्या मिठागरात. त्यांच्या नकली पायाची, उरलेला पाय जिच्यात बसतो ती फायबरची खोळ बांधावर चालता चालता उभी चिरली आणि काका खाऱ्या चिखलात तोंडावर पडले.

खरा पाय आधीच मिठाच्या ट्रकखाली गेला होता. शिबिरात मिळालेल्या पायाची चामडी खोळ एका हंगामात खाऱ्या पाण्याने कुजली. उभं राहता आलं नाही तर मिठागरात काम नाही, आणि दुसरं काम काकांना येत नाही. म्हणून मी रोह्याला गेलो. तिथे केमिकल कंपन्यांना फायबरच्या टाक्या करून देणारी एक शेड होती. शेडवाला म्हणाला, "ॲसिडला पुरून उरते ती वस्तू, मिठाला काय घाबरते? साचा तेवढा आणा."

साचे करणाऱ्यांना पेणमध्ये काय तोटा! ओळखीच्या एका गणपती कारखानदाराने काकांच्या उरलेल्या पायाचा प्लास्टरमध्ये ठसा घेतला. "जन्मभर सोंडा केल्या, मानसाचा पाय पयलाच!" तो म्हणाला.

"नमस्कार नको करू, म्हंजे झालं," काका म्हणाले.

शेडमध्ये त्या साच्यावर काचेचं कापड आणि रेझिन, थरावर थर. टाकीच्या भिंतीवर शहाण्यासारखं बसणारं ते कापड पायाच्या गोल टोकाशी आलं की त्याला चुणी पडे. ठेवली तर आतून मांसात रुते. कात्रीने कापली तर नेमकी तिथेच खोळ फुटे. दोन्हीकडून मरण. शेवटी एक खोळ चुणीसकट पेणला आणली. कारखानदाराने पॉलिश पेपर उचलला. मूर्तीवर खडबडीत काही राहू द्यायचं नाही, हा त्याच्या हाताचा धर्म. घासून घासून त्याने आतली बाजू गणपतीच्या पोटासारखी केली. काका पहिल्यांदाच न कळवळता उभे राहिले. आम्ही टाळ्या वाजवल्या. चुणीबरोबर आतले काचेचे धागेही कापले गेलेत, हे टाळ्या वाजवणाऱ्या एकालाही कळलं नाही.

बांधावर फुटलेली तीच खोळ पिशवीत घालून मी मुंबईच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात गेलो. एवढं शिकलेल्यांना एक खोळ का जमू नये, म्हणून भांडायलाच गेलो होतो. प्राध्यापकांनी चहा पाजला. "हा संशोधनाचाच प्रश्न आहे," ते म्हणाले. "गोल आकारावर कापड कसं वळेल, चुणी कुठे पडेल, आधी सांगता येत नाही. आम्ही सध्या सपाट पट्ट्या तपासतो."

"का?"

"त्यांचे निकाल जुळतात."

परदेशात म्हणे संगणकावर चित्र काढलं की यंत्र थर चढवत आकार उभा करतं. पण तो नुसता दाखवायचा नमुना. माणसाचा भार त्याला पेलत नाही.

घरी येऊन काकूला सांगितलं. तिने विचारलं, "तो मास्तर वंगाल हाय काय?"

"नाय गो काकू, भला मानूस."

"मंग भांडनार कोनाशी?"

मी चळवळीतला, मला पत्रकं लिहिता येतात. पत्रकात दोषी लागतो. कंपनी असती तर गेटवर बसलो असतो. इथे शेडवाला भला, कारखानदार भला, प्राध्यापक भला, आणि काका ओटीवर. त्यांच्या वाफ्यांतलं मीठ आता दुसरे ओढतात. पोरं घरावरून जाताना काका बसल्या जागेवरून ओरडतात, "अरं, हलक्या हातानं! चिखल येल मिठात!" पोरं म्हणतात, "व्हय काका," आणि जातात.

तुम्ही वाचणाऱ्यांपैकी कुणी प्रयोगशाळेत असेल, कुणाचा मुलगा, कुणाची मुलगी असेल. त्यांना मी विनंती करत नाही, सांगतो. सपाट पट्टी बाजूला ठेवा. पेणला उतरा, काकांच्या पायाचा ठसा घ्या आणि त्यावर कापड न चुणता, न कापता बसवून दाखवा. नाही जमलं, तर तेही ओटीवर येऊन त्यांच्या तोंडावर सांगा.