तक्रार नसलेले दिवस

लेकीला रक्ताचा कर्करोग झाल्याचं कळलं, त्याच संध्याकाळी मी दोनशे पानी वही विकत घेतली. मी एका संशोधन संस्थेत भांडार विभाग सांभाळते. काय आलं, काय गेलं, काय संपत आलं हे लिहिलं की माझं डोकं ताळ्यावर राहतं. हॉस्पिटलने औषधांच्या दुष्परिणामांचा छापील कागद दिला होता, त्यावरून मी रकाने आखले. ताप, उलटी, तोंडातले फोड, शौच, झोप. शेवटचा रकाना ‘इतर तक्रारी’.

लेक तेव्हा नऊ वर्षांची होती. स्टेरॉइडमुळे चेहरा फुगून गोल झाला होता. जेवून हात धुताना ती पुढच्या जेवणाला काय आहे ते विचारायची. चिडचिड इतकी, की पेन्सिलचं टोक मोडलं तरी रडायची. संध्याकाळी सात वाजता मी वही घेऊन समोर बसले की तोंड फिरवायची. एकेका दिवशी ‘इतर तक्रारी’चा रकाना भरून समासात लिहावं लागे. जबडा दुखतो, पोट दुखतं, पाणी लोखंडासारखं लागतं. यातलं खरं किती आणि कंटाळ्याचं किती, मला ठरवता येईना.

नवऱ्याच्या सरकारी कारखान्याच्या फाटकावर एक फलक आहे: अपघाताविना इतके दिवस. रोज सकाळी आकडा एकाने वाढतो. मला ते फार आवडायचं. मी तसाच तक्ता करून फ्रिजवर लावला. तक्रार नाही त्या दिवशी सोनेरी तारा. सलग सात तारे झाले की रविवारी घरीच लोणी घालून मसाला डोसे, हवे तेवढे.

चार दिवसांत घर शांत झालं. “आज काही?” “काही नाही.” चिकटव तारा. पहिल्या रविवारी तिने पाच डोसे खाल्ले. मी बहिणीला फोन करून सांगितलं, “मुलांना शिस्त लागते गं, आपण लावली पाहिजे.”

दर आठवड्याला आम्ही इंजेक्शनसाठी जायचो. शेजारच्या पलंगावर जवळच्या आनेकल गावचे एक कन्नड आजोबा असायचे, निवृत्त बस कंडक्टर; सगळे त्यांना अज्जा म्हणत. आजार तोच, औषधंही बरीचशी तीच. आम्ही निपाणीकडचे, कन्नड घरचंच. त्यामुळे गप्पा व्हायच्या. अज्जा आल्यापासून ओरडत असत. “सिस्टर, बोटं स्वल्प नाही, पूर्ण मेलीत! शर्टाचं बटण लागत नाही. बायकोने लावून दिलं, लाज वाटली मला!” सिस्टर हसत हसत सगळं लिहून घ्यायची. मला म्हणायचे, “अक्का, तुमची वही बघितली तर यमसुद्धा आधी वेळ मागून घेईल.”

मला त्यांचा त्रास व्हायचा. एकदा घरी येताना मी लेकीला म्हटलं, “बघ, एवढा मोठा माणूस कसा रडतो. तू त्यांच्यासारखं करायचं नाहीस.”

त्याच सुमाराला तिच्या चपला निसटायला लागल्या. चालता चालता एक चप्पल मागेच राहायची. “पाय उचलून चाल ना, किती आळस!” मी म्हणायचे. ती जिना बसत बसत उतरू लागली तेव्हा मला तो खेळ वाटला. बाजाराच्या यादीत मी लिहिलं, ‘पट्ट्याच्या चपला’, आणि त्याच दिवशी आणल्या. प्रश्न मिटला. खरंच, मी यादीतल्या त्या ओळीवर काट मारली.

दोन आठवड्यांनी तपासणी होती. मी डॉक्टरांपुढे तक्ता उघडला. थोडी मिरवतच होते. “सलग एकोणीस दिवस काही नाही, मॅडम.”

डॉक्टरांनी तक्ता बघितला आणि लेकीला कन्नडमध्ये म्हणाल्या, “टाचांवर चालून दाखव बघू.”

ती उभी राहिली. पावलांचे चवडे उचललेच जाईनात. दोन पावलं फटफट टाकली आणि तिने टेबल धरलं. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून बघितली. पाय हलला नाही.

“हे तारे कसले गं, पुट्टी बाळा?”

“काही होत नाही त्या दिवशीचे.”

“आणि काही होतं त्या दिवशी?”

“आई पेन काढते.”

खोलीत तिघीच होतो. मी पेन हातातच धरलं होतं.

“पायाला मुंग्या कधीपासून येतात?”

लेकीने माझ्याकडे बघितलं. “नव्या चपला आणल्या त्याच्याही आधीपासून.”

चपला आणल्याची तारीख माझ्याकडे लिहिलेली होती. त्या तारखेनंतर तिला ते इंजेक्शन पूर्ण मात्रेत दोनदा दिलं गेलं होतं. डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी समजावलं, की हे औषध नसांना दुखावतं, मुलांच्या आणि मोठ्यांच्याही. बहुतेक मुलांचे पाय सावकाश सुधारतात, पण महिने लागतात. आता मात्रा कमी करू, पावलांना आधाराच्या पट्ट्या, रोज व्यायाम. मग तक्ता परत देत म्हणाल्या, “दोन आठवड्यांपूर्वी कळलं असतं, तर तेव्हाच कमी केलं असतं.”

एवढंच. घरी कुणी इतक्या हळू आवाजात मला कधी काही बोललं नव्हतं.

वॉर्डमध्ये परतलो तर सिस्टरकडून अज्जांना कळलं होतं. ते लेकीला म्हणाले, “अगं, मी रोज बोंबलतो ते ऐकून तरी बोंबलायचंस!”

“आई म्हणाली, अज्जांसारखं करायचं नाही.”

मी पाण्याची बाटली शोधायला पिशवीत वाकले. बाटली तर हातातच होती. शेवटी अज्जाच म्हणाले, “सरी, अक्का, असू दे. माझी बायकोपण हेच म्हणते.” मी माफी मागायला हवी होती. मी विचारलं, “चहा आणू का तुम्हाला?”

तक्ता मी त्याच दिवशी काढला. लेकीला जवळ घेऊन सांगितलं, की चूक माझी, आता काहीही झालं तरी सांगायचं, डोसे असेही मिळतील. तिने मान हलवली. पण तिचं उत्तर बदललं नाही. सकाळी काही नाही, संध्याकाळी काही नाही. मी पेनाशिवाय विचारलं, स्वयंपाक करता करता विचारलं, नवऱ्याला विचारायला लावलं. ‘काही नाही’ हे ती आता इतक्या सफाईने म्हणते, की मी ऐकते आणि मला काहीच कळत नाही. मग ती झोपल्यावर मी तिच्या पावलांवरून बोट फिरवते, ती पाय ओढून घेते का बघायला. आईला असं चोरून बघावं लागतं, हे कुणाला सांगायची मला हिंमत नाही.

गेल्या आठवड्यात व्यायामाहून परतताना रिक्षा खड्ड्यांतून आदळत चालली होती. लेक एकदम पुढे वाकली आणि रिक्षावाल्याला कन्नडमध्ये म्हणाली, “अण्णा, हळू चालवा ना. माझे पाय फार दुखताहेत.”

“सरी, पुट्टी,” तो म्हणाला आणि त्याने रिक्षा हळू केली. “आधी सांगायचं ना!”

“आत्ता सांगितलं ना,” ती म्हणाली.

मी तिच्या शेजारीच बसले होते. तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता.