उपाशीपोटी म्हणजे च्यासुद्धा नाही

"तुमच्या गळ्यातली थायरॉइड ग्रंथी नीट काम करत नाही," शहापूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी "बरं" म्हटलं. नवऱ्याचा चेहरा उतरला. मला काहीच वाटलं नाही. चार महिन्यांपूर्वी तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला, तेव्हाही मला रडू आलं नव्हतं.

बाईंनी समजावलं. ही ग्रंथी हार्मोन बनवते. हार्मोन म्हणजे रक्तातून अंगभर जाणारा निरोप. तो कमी पडला की अंग थंड पडतं, पाळी चुकते, गर्भ टिकणं कठीण होतं. मग मेंदू ग्रंथीला हाका मारतो. त्या हाका रक्तात मोजतात, तो आकडा टीएसएच. "तुमचा मेंदू ओरडून ओरडून दमलाय," बाई म्हणाल्या.

वर्षभर मला उन्हातही थंडी वाजायची. भातलावणीला गेले की बांधावरच बसून राहायचे. बायका म्हणत, "ऊठ गो, बसल्या जागी मुळं फुटतील!" मला रागसुद्धा येत नव्हता.

"रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. आकडा उतरेपर्यंत दिवस राहू देऊ नका," बाईंनी बजावलं.

खर्डीला घरी सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आईंनी, ते काम अंगावर घेतलं. उजाडलं की कपबशी हातात, बशीच्या कडेला गोळी. "घे गो, ऊन ऊन हाय." आमच्याकडे सोमवार असो, एकादशी असो, उपासाला च्या चालतो. च्या म्हणजे काय खाणं झालं? कोणाला विचारावं असं सुचलंही नाही.

तीन महिन्यांनी आकडा तसाच. बाईंनी गोळी वाढवली. पुन्हा तीन महिने, पुन्हा तेच. चुलतसासू नवऱ्याला म्हणाली, "दुसरी बघ रे, हिच्यात काय नाय." मी भाकऱ्या थापत होते. बघू दे, म्हटलं मनात.

वर्ष होत आलं तेव्हा बाईंनी विचारलं, "गोळी कशाबरोबर घेता?"

"उपाशीपोटीच."

"ते कळलं. कशाबरोबर?"

"च्याबरोबर."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "अहो, दुधाच्या चहाबरोबर गोळी अंगाला लागणार कशी? नुसतं पाणी. पुढं तासभर काही नाही. चहासुद्धा नाही."

आई शेजारीच बसल्या होत्या. घरी आल्यावर दारात चपला काढताना म्हणाल्या, "माझ्याच हातानं तुझं वरीस गेलं गो."

दुसऱ्या सकाळी पाण्याचा तांब्या आला. चूल पेटली होती, पण च्याचं भांडं पालथंच. च्याशिवाय आईंचे डोळे उघडत नाहीत.

"आई, तुमी घ्या की."

"तू घेशील तवा."

असं रोज. दोन महिन्यांनी एका सकाळी मी बघितलं, तर आई डोक्याला पदर आवळून बांधून घड्याळाकडे बघत बसल्या होत्या. माझा बांधच फुटला. त्या गेलेल्या बाळासाठी मी तेव्हा रडले, पहिल्यांदा, मोठ्यानं. त्या घाबरल्या. "काय दुखतं गो?" मी म्हटलं, "सगळंच." दुखत होतं, हेच बरं वाटलं.

पुढं आकडा उतरला, पाळी वेळेवर आली. मुलगी झाली, आता शाळेत जाते. बायांनो, अंग थंड पडलं, मन बधिर झालं, तर त्याला आळस म्हणू नका, रक्त तपासा. आणि गोळी कशी घ्यायची ते दोनदा विचारा.

माझी गोळी जन्मभराची आहे. आईंना मी किती वेळा सांगितलं, तुमी घ्या. अजून तो तास त्या माझ्याबरोबर थांबतात.