बॅकस्पेस दाबली म्हणून

धाड गावच्या रस्त्यावरच्या माती तपासणी केंद्रात मला संगणक बघायला बोलावलं, तेव्हा गुन्हेगार आधीच ठरला होता. नोंदी भरणारी कंत्राटी बाई. तिला कमी करण्याचं पत्र साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडलं होतं. जुना युनिक्स प्रोग्राम तिच्या हातून रोज बंद पडायचा आणि तोवर भरलेल्या नोंदी उडायच्या.

"मीनं काई नाई केलं, भाऊ," ती म्हणाली. "आकडा चुकला त् खोडला. थे बंदच पडलं."

मी सेटिंग उघडून पाहिली. जुन्या पद्धतीप्रमाणे चालू काम तोडायचा इशारा डिलीटच्या कळीला दिलेला. महिन्यापूर्वी आलेले नवे संगणक बॅकस्पेस दाबली की नेमका तोच इशारा पाठवत होते. बाई एक अंक खोडायची आणि प्रोग्राम मरायचा. हे सांगणं सोपं नव्हतं. त्या संगणकांची फीत साहेबांनी स्वतः कापली होती. फोटो भिंतीवर होता.

"मग माझ्या हातून का बंद पडत नाही?" साहेब खुर्चीवर बसले आणि एका बोटाने टाइप करू लागले. आम्ही दोघं मागे उभे. शेतकऱ्याचं नाव, गाव देऊळघाट, गट नंबर. सगळं बरोबर. बाई पत्राकडे बघत होती. मग सामूच्या, म्हणजे मातीच्या पीएचच्या, रकान्यात ७.८ ऐवजी ७८ पडलं.

साहेबांचं बोट तसंच एंटरकडे निघालं. हाताखालच्या माणसांसमोर खोडाखोड करायची त्यांना सवय नसावी. प्रोग्राम त्यांच्यावर खूश होता तो त्यामुळेच.

"खोडा ना, साहेब," मी म्हणालो.

"नंतर पाहू."

"सामू चौदाच्या वर जातच नाई, साहेब," बाई हळूच म्हणाली. "त्या शेतकऱ्याले हाच कागद देऊ का?"

बोट थांबलं. बराच वेळ थांबलं. मग बॅकस्पेसवर आलं.

पडदा कोरा झाला.

"लाइट गेली का?" साहेबांनी विचारलं. डोक्यावर पंखा फिरत होता.

तोडायचा इशारा मी कंट्रोल-सीला दिला, बॅकस्पेस फक्त खोडायला ठेवली. एका ओळीचं काम. बाईने आकडा चुकवला, खोडला, पुन्हा लिहिला. प्रोग्राम जागेवर.

"यंत्रणा फार जुनी आहे," साहेब म्हणाले आणि पत्र ड्रॉवरमध्ये ठेवून जेवायला गेले.

"फाडलं नाई ना पन त्याईनं," बाई म्हणाली.

"नाही."

तिने खुर्ची पुढे ओढली आणि देऊळघाटची नोंद पहिल्यापासून भरायला घेतली.