‘बे’ची शिकवणी

विद्यापीठानं आमच्या जिल्ह्यात नाट्यविभाग काढला तेव्हा घरच्यांच्या नाकदुऱ्या काढून मी तिथं नाव घातलं. ते वर्ष कोरडं गेलं होतं. नाट्यगृहामागं टँकर यायचा, म्हणून तालमीला येताना आम्ही मुली घागर घेऊनच यायचो. अशा वर्षात विभागाच्या सरांनी फळ्यावर येत्या हंगामाची नाटकं लिहिली. आधी दुष्काळावरचं एक गद्य नाटक, त्यामागून दोन संगीत नाटकं. सर पुण्याकडचे, त्यांचा सगळा जीव त्या संगीत नाटकांत. गद्य नाटकातली सून मात्र त्यांनी मला दिली होती आणि मी माझ्या गावी, केजला जाऊन ते सगळ्या गल्लीला सांगून आले होते.

पहिल्याच वाचनाला मी ‘पानी’ म्हणाले. संहितेत ‘पाणी’ होतं. सरांनी मला थांबवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “रंगमंचावर पाणी लागतं. पानी तुमच्या टँकरमध्ये.” सगळे हसले. ज्यांच्या घरी सकाळ-संध्याकाळ पानीच भरतात, तेही हसले. मी घाबरून पुन्हा म्हणायला गेले तर पुन्हा तेच आलं. दुसऱ्या दिवशी सुनेचं काम पुण्याहून आलेल्या एका मुलीकडे गेलं आणि मला पडद्याच्या दोरीवर बसवलं. ते हसणं जिव्हारी लागलं होतं. याचं उट्टं काढायचंच, हे मी दोरी हातात घेतानाच ठरवलं.

मग सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन आले. ऊस नाही म्हणून गाळप बंद होतं, कारखान्याचे ट्रक उभे होते. त्याच ट्रकांतून आमची नाटकं सभासदांच्या गावोगावी न्यायची, असं ठरत होतं. चेअरमननी एक तालीम बघितली आणि म्हणाले, “सर, चांगलं हाय. पर आमच्या लोकाला पेपर वाचल्यावानी वाटंल. आमच्या बोलीत करा की.”

सरांनी मला बोलावलं. वाटलं, सून परत आली. सर म्हणाले, “काम तीच करेल. तू फक्त तिच्याकडून तुमची भाषा घोटून घे.”

म्हणजे जीभ माझी हवी होती, मी नको होते.

शिकवायला बसले आणि जे हवं होतं ते आपण होऊन समोर आलं. नाटकात सासरा आपल्या विहिरीवर राखण बसवतो, शेजाऱ्यांना पाणी बंद करतो. तेव्हा सून त्याला एवढंच विचारते, “का?” नाटकातली सगळ्यांत दुःखाची जागा तीच. आमच्याकडे सून सासऱ्याला मामा म्हणते आणि ‘का’ला ‘कावून’. मी तिला शिकवलं, “कावून बे, मामा?”

आता हा ‘बे’ आमच्याकडे बरोबरीच्या गड्यांनी एकमेकांना घालायचा, चहाच्या हॉटेलात नाहीतर भांडणात. सून सासऱ्याला ‘बे’ म्हणाली तर त्याच दिवशी तिच्या माहेरच्यांना बोलावणं जाईल.

“खरंच ‘बे’ म्हणतात?” तिनं विचारलं.

“लई म्हणतात,” मी म्हणाले. त्यात खोटं काहीच नव्हतं.

तालमीत तिनं ते म्हटलं आणि सर खूश झाले. “वा! याला म्हणतात मातीचा आवाज.” सासऱ्याचं काम करणारा मुलगा आमच्याच भागातला, तलवाड्याचा. त्यानं चमकून माझ्याकडे बघितलं. त्यालाही सरांनी ‘न्हाई’वरून सगळ्यांदेखत उभं केलं होतं. तो गप्प राहिला. मग बाकीचेही गप्प राहिले, आणि त्या गप्प बसण्याचा मला जो आनंद झाला तो आजही तसाच आहे.

पहिला प्रयोग कारखान्याच्या रिकाम्या गोदामात झाला. माणसं पायरीपर्यंत बसलेली. ती जागा आली. तिनं डोळ्यांत पाणी आणून, हात जोडून विचारलं, “कावून बे, मामा?”

गोदाम फुटेल असं वाटलं. बायका पदरात तोंड घालून हसत होत्या. त्यात आमच्या सासऱ्यालाही राहवलं नाही. “आगं, म्या काय तुजा दोस्त हाय का?” म्हणाला. मग तर विचारूच नका. सर धावत विंगेत आले. “का हसताहेत हे? काय चुकलं?”

“आवडलं असंल, सर,” मी म्हणाले आणि दोरी घट्ट धरली.

प्रयोग संपल्यावर चेअरमन डोळे पुसत आले. “नाटक विनोदी हाय हे आदी सांगायचं की! लई दिवसांनी हसली माणसं. आता हेच फिरवा. ती गाण्याची नाटकं ऱ्हाऊ द्या.” ट्रक त्यांचे होते, सर काय बोलणार? दोन्ही संगीत नाटकं त्यांनी स्वतःच्या हातानं फळ्यावरून पुसली. मी बघायला मुद्दाम गेले होते.

ती मुलगी रडून पुण्याला निघून गेली आणि सून माझ्याकडे आली. सर माझ्याकडे न बघता म्हणाले, “‘बे’ तसाच ठेव. लोकांना तोच हवाय.”

घाटनांदूरच्या प्रयोगात मी तो ठेवला. लोक पोट धरून हसले. मला ज्या सुनेसाठी उभं राहायचं होतं तिचंच मी हसं करून ठेवलं होतं आणि तेही सरांच्या हुकमावरून. पुढचा प्रयोग केजला होता.

केजला पुढच्याच रांगेत माझे वडील बसले होते, मागं सगळी गल्ली. ती जागा जवळ आली तशी माणसं आधीच हसू दाबायला लागली, कारण ‘बे’ची कीर्ती आमच्या आधी गावात पोचली होती. मी सासऱ्याकडे पाठ केली आणि विंगेकडे वळले. तिथं सर उभे होते. त्यांच्या डोळ्यांत बघून मी विचारलं, “कावून बे?”

मी ‘मामा’ म्हणालेच नाही.

हसायला उघडलेली तोंडं तशीच राहिली. सरांनी मान खाली घातली.

मी पुन्हा विचारलं.