कातड्यातली चरबी

बोथच्या बाजारातून न विकता परत आलेली मेथीची जुडी शेजारच्या मळ्यातल्या मावशीनं बाबांच्या पुढ्यात टाकली. "घ्या दादा, तुमीच खा." जुडीला रॉकेलचा वास होता. आमच्या शेडमध्ये मेंढीची कातडी कमावतात. त्यातली चरबी आम्ही रॉकेलनं काढायचो आणि ते पाणी नाल्यातून खाली, तिच्या मळ्यातल्या विहिरीपर्यंत झिरपायचं.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. चरबी सोडवणारं एन्झाइम कोमट पाण्यात घातलं की रॉकेल लागत नाही, असं महिनाभर मी बाबांचं डोकं खात होतो. शेवटी ते म्हणाले, "एक घाणा करून पाह्य. बिघडला तर पुन्हा रॉकेलच. मंग तोंड उघडायचं नाई."

डिसेंबर होता, आणि आमच्याकडची थंडी हाडात शिरते. पाणी गार झालं तर चरबी सुटणार नाही, जास्त तापलं तर कातडी आकसणार. शिवाय माल व्यापाऱ्याचा. मी दर पाच मिनिटांनी टाकीत थर्मामीटर बुडवत होतो. बाबा बाळाच्या अंघोळीचं पाणी बघावं तसं कोपर बुडवून बघायचे.

दुपारी त्यांनी एक कातडं पिळून खाकी कागदावर दाबलं. कागद वाळला, तेलाचा डाग उरला नाही. "जमलं," एवढंच म्हणाले. मला आभाळ ठेंगणं झालं.

मावशी बांधावर उभी होती. तिनं विचारलं, "विहिरीवरची मोटर लावू काय, दादा? मेथीला पाणी द्यायचं हाय."

"लावा मावशी, आता रॉकेल नाही," उत्तर मीच दिलं, आणि टाकीच्या तळाचं बूच ओढायला खाली वाकलो. तोच बाबांचा पाय माझ्या हातावर पडला.

"काऊन सोडून राह्यला?"

"बाबा, यात रॉकेलचा थेंबही नाही."

"मंग कातड्यातली चरबी कुठं गेली?"

मी टाकीत पाहिलं. पाणी ताकासारखं पांढुरकं झालं होतं. सगळी चरबी त्यातच होती. नाल्यात जाऊन ती सडली असती आणि विहिरीला पुन्हा घाण सुटली असती, या वेळी माझ्या हातानं. महिनाभरात हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मावशी मोटरीकडं निघाली होती. बाबांनी तिला हाक मारून थांबवलं. "आज नको लावू, बाई. आदी याला ह्या चरबीच्या पाण्यासाठी खड्डा खोदू दे."

तिनं वळून माझ्याकडं पाहिलं. न ओढलेलं बूच अजून माझ्या मुठीत होतं.